सातवी ‘ब’, नंबर सत्तावीस

ता. ३ सप्टेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शाळेचे फोटो काल पहिल्यांदा काढले. सकाळी देवासमोर दोन मिनिटं हात जोडून उभा राहिलो आणि तुमची लोखंडी पेटी उचलून निघालो. शाळेत जाऊन उघडली तर आतून नऊ कंगवे, सेफ्टी पिनांचा गुच्छ, तीन टाय, रुमालांची चळत, पावडरचा डबा आणि सुईदोरा. मला वाटलं, वहिनींनी चुकून कुणा न्हाव्याची पेटी दिली की काय. दुपारपर्यंत त्यातली एकेक वस्तू लागली, सुईदोरासुद्धा.

चित्रकलेच्या खोलीत पडदा टांगला, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या छत्र्या लावल्या, मधे स्टूल. संध्याकाळपर्यंत एकशे ऐंशी मुलं झाली. अण्णा, खरं लिहितो, रागावू नका. बाजारातला माझा स्टुडिओ बंद झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, “माझ्या गुडघ्यांनी संप केलाय, शाळा तू सांभाळ.” त्या शब्दाचे उपकार मी विसरणार नाही. पण हे काम म्हणजे पोस्टात शिक्के मारण्यासारखं आहे. मूल येतं, बसतं, नंबराची पाटी छातीशी धरतं, एक फोटो पाटीसकट, एक पाटीशिवाय, खट, पुढचा. पंचवीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढले. तिथे उजेड-सावलीचा काही विचार तरी होता. इथे विचार करायला जागा कुठे आहे?

वर “हस” म्हटलं की मुलं दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखे दात दाखवतात. दुसरीतलं एक पोर तर मला बघून रडायलाच लागलं. “खरे फोटोवाले काका कुठंत?” म्हणे.

जाताना व्हरांड्यात तुमच्या एकतीस चौकटी पाहिल्या. सातवी संपवून शाळा सोडणाऱ्या दर वर्षीच्या मुलांची एक, प्रत्येक मुलाचा एक चौकोन. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, बत्तिसावी ऑक्टोबरअखेर छापून भिंतीवर लागायला हवी. त्या एकतीस चौकटींसमोर बराच वेळ उभा होतो. या चेहऱ्यांत काहीतरी आहे, ते माझ्या कालच्या एकशे ऐंशींत नाही. ते काय आहे, एवढं सांगा.

आपला,
छोटू


ता. ९ सप्टेंबर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. माझ्या हाताला हल्ली कंप असतो, अक्षर लागत नाही. (भावजी, तुम्ही पन्नाशीला आलात तरी यांच्या तोंडी छोटूच. मी काय करू? — व.)

पहिलं म्हणजे, कुणालाही “हस” म्हणू नकोस. हस म्हटलं की माणूस हसायचं विसरतो. (खरं आहे. आमच्या लग्नात मला हस म्हणाले होते. त्या फोटोत मी परीक्षेला बसल्यासारखी दिसते. — व.)

मुलं यायच्या आधी तू स्वतः त्या स्टुलावर बस. निदान दोन मिनिटं. त्यांना काय दिसतं ते बघ, मग छत्री कुठे ठेवायची ते आपोआप कळेल. स्टुडिओत माणूस तुझ्याकडे आपणहून येतो. शाळेत मूल रांगेत आणलेलं असतं. हा फरक एकदा अंगात मुरला की अर्धं काम झालं.

मग प्रश्न विचार. “नाव काय” हा प्रश्न नव्हे, तो त्यांना सगळेच विचारतात. “घरात सगळ्यात मोठ्यानं कोण घोरतं?” असलं काहीतरी. उत्तर देताना फोटो काढू नकोस, तोंड वेडंवाकडं येतं. उत्तर संपलं की मूल क्षणभर स्वतःशीच असतं. तुला काय हवंय ते त्याच्या ध्यानात नसतं. तेवढ्यात काढायचा. एक गेला तर दुसरा प्रश्न विचार, पण घाई करू नकोस. रांग थांबते. रांगेला थांबायची सवय असते.

तू शिक्का म्हणालास. पोस्टातला माणूस शिक्क्याखालचं पत्र वाचत नाही. तू वाच. आता घरोघरी फोनमध्ये मुलांचे हजार फोटो असतात हे मला माहीत आहे. पण त्या फोटोंत मूल कुणाच्या तरी कडेवर असतं, कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेलं असतं. स्टुलावर ते एकटं असतं. वर्षातून एकदाच त्याला कुणी एवढं सरळ बघतं.

आणि प्रत्येक फोटो भिंगाखाली पाहिल्याशिवाय हातातून सोडू नकोस. दोन बोटांच्या फोटोत मिटलेले डोळे आपल्याला दिसत नाहीत. मुलाला ते वर्षभर दिसतात.

गुडघे बरे आहेत. कळावे.

अण्णा


ता. २५ सप्टेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खिशात घालून शाळेत गेलो आणि पहिल्यांदा स्टुलावर बसलो. शिपाईमामा दारातून बघत होते. म्हणाले, “साहेब, ओळखपत्र तुम्हाला पण पाहिजे का?” दोन मिनिटं बसलो आणि घाबरलो हो! समोर एक काळं भोक, बाजूला दोन पांढऱ्या भगभगत्या छत्र्या, आणि त्या भोकामागे एक डोळा मिटून उभा असलेला परका माणूस. मीसुद्धा रडलो असतो. मग एक छत्री लांब सरकवली आणि उभ्यानं काढायच्या ऐवजी गुडघ्यांवर बसून काढायला लागलो. तुमच्या गुडघ्यांचं काय झालं ते आता कळलं.

घोरण्याचा प्रश्न विचारला. चौथीतला एक मुलगा म्हणाला, “आजोबा घोरतात. पण उठवलं की म्हणतात, मी जागाच होतो.” एवढं बोलून तो थांबला. बहुधा आजोबा डोळ्यांपुढे आले असावेत. तेवढ्यात मी काढला. घरी येऊन तो फोटो पाहिला आणि हात आपोआप जोडले गेले. पंचवीस वर्षं नवरदेवांच्या फेट्यांवर उजेड पाडण्यात घालवली, आणि तुम्ही एकतीस वर्षं हे करत होता! कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

आता माझी फजिती सांगतो. सोमवारी सातवी ‘ब’ची ओळखपत्रं वाटली. तासाभरानं वर्गबाईंनी मला बोलावून टेबलावर दोन ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली, नंबर अठरा आणि नंबर सत्तावीस.

“काही दिसतंय?”

मी निरखून बघितलं. म्हटलं, “दोन्हीकडे उजेड सारखा आलाय.”

“फोटोवाले, मुलगीही सारखीच आलीय.”

सगळा वर्ग बाकांवर आडवा पडून हसला. अठरा नंबरची मुलगी, हिला वर्गात लांबवेणी म्हणतात, ती स्वतःच्या नंबरावर बसून गेली, मग वेणी सोडून केस मागे बांधले, कुणाचा तरी चष्मा लावला आणि सत्ताविसाची पाटी धरून परत माझ्यासमोर येऊन बसली. फोटोंची संख्या बरोबर भरली, म्हणून शंका आली नाही. आणि कहर ऐका. चष्म्याच्या काचेवर छत्री चमकत होती म्हणून मी स्वतः दोन बोटांनी त्याची काडी वर केली होती. तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतो मी! काच बघितली, कॉलर बघितली. मुलगी बघितली नाही.

शिपाईमामा म्हणतात, दुसरीत काढलेलं मूल सातवीत मिसरूड फुटून आलं तरी अण्णा विचारायचे, “तू तोच ना, कुत्र्याला भिणारा?” हे ऐकून तर मान खाली गेली.

लांबवेणीला बाईंनी खडसावलं. तिचं उत्तर एकच, “ती नको म्हणाली, म्हणून मी बसले.” ती म्हणजे खरी सत्तावीस नंबर, तिची मैत्रीण, खिडकीजवळ बसते. ती मान वर करत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी पंचवीस ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर तिचा नवीन फोटो झाला नाही तर चौकटीत तिचा गेल्या वर्षीचाच लावायचा.

आपला,
छोटू


ता. १ ऑक्टोबर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

मी त्या वर्गात असतो तर मीही आडवा पडलो असतो. (पत्र ऐकताना हसले, चहा सांडला, धोतर मी धुतलं. — व.) लांबवेणीवर कुणाला रागावू देऊ नकोस. दुसऱ्यासाठी स्टुलावर जाऊन बसणारी मैत्रीण सगळ्यांना मिळत नाही.

पण सत्तावीस नंबर का नको म्हणाली, ते विचारलंस का? दरवर्षी दोन-चार मुलं नको म्हणतात. कुणाचा पुढचा दात पडलेला असतो, कुणाच्या आईनं घरीच केस कापलेले असतात. कारण असतंच, आणि ते मोठ्यांना नेहमी क्षुल्लक वाटतं. ते तिच्याकडूनच ऐक, बाईंकडून नको.

गेल्या वर्षीचा फोटो लावण्याची वेळ येऊ देऊ नकोस. बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा वर्षात बदलतो.

अण्णा


ता. ९ ऑक्टोबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

सत्तावीस नंबरला भेटलो. विशेष काही नाही. मुलगी लाजाळू आहे. हळूहळू तयार होईल. तुम्ही काळजी करू नका. तब्येतीला जपा.

आपला,
छोटू


ता. ९ ऑक्टोबर

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे वेगळं पाकीट फक्त तुमच्यासाठी आहे. अण्णांना वाचून दाखवू नका. त्यांच्या पत्रात मी खोटं लिहिलं, देव मला क्षमा करो.

त्या मुलीला वर्गात झोपाळू म्हणतात. वर्षभर म्हणताहेत. गेल्या वर्षीच्या ओळखपत्रावर तिचे डोळे मिटलेले आहेत. अर्धवटही नाहीत, पूर्ण मिटलेले. ते कार्ड मी पाहिलं. डोळ्यांच्या जागी तिनं चांदणीचं स्टिकर चिकटवलंय. ग्रंथालयात, फाटकापाशी, जिथे जिथे कार्ड दाखवावं लागतं तिथे त्यावर अंगठा ठेवून दाखवते. शिपाईमामांना ते ठाऊक आहे, ते बघितल्यासारखं करून सोडतात.

परवा वर्गबाईंनी तिला जवळजवळ ओढतच स्टुलावर आणून बसवलं. मी कॅमेऱ्यामागे गेलो तर तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाली, “असाच लागतो ना तुम्हाला?”

मी कॅमेरा खाली ठेवला. वहिनी, तो फोटो अण्णांनी काढलेला आहे. ज्यांनी मला भिंगाखाली बघायला शिकवलं, त्यांनी. मुख्याध्यापिका बाईंना मी तो दाखवला. त्या म्हणाल्या, “मिटलेले तर मिटलेले, मूल तर तेच आहे ना? रिकामा चौकोन मी भिंतीवर लावणार नाही.” म्हणजे आता पंधरा दिवसांत काही झालं नाही तर ते मिटलेले डोळे भिंतीवर कायमचे जातील. पण अण्णांना हे कळता कामा नये. त्यांच्यासारख्या माणसाच्या हातून एकदा नजरचूक झाली तर ती उगाळून त्यांना कशाला दुखवायचं? काय करू ते तुम्हीच सांगा.

आपला,
छोटू


ता. १३ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

तुमची दोन पाकिटं एकदम आली. आज कुणी सांगत नाही, मीच लिहिते आहे.

यांचे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी माझा हात धरून गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन येतात आणि दमते मी. हाताला कंपही नाही. डोळे गेलेत, भावजी. तीन वर्षं हळूहळू जात होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की यावर आता इलाज नाही. आम्ही कुणाला सांगितलं नाही. ते म्हणाले, “आंधळा फोटोवाला म्हटलं तर शाळा आत घेईल का?” समोरच्या मुलाचा चेहरा त्यांना अंधुक दिसायचा, बाकी सगळं ते आवाजावरून करायचे. तुम्हाला सांगितलं ना, प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपायची वाट बघायची. ते त्यांना ऐकूनही जमायचं. आणि घरी आलेला प्रत्येक फोटो भिंग घेऊन मी तपासायचे. दोन वर्षं मी तपासले. एकही मिटलेला डोळा सुटला नाही माझ्या हातून. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. थोडं सांगतेही.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मी दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत सहावी ‘ब’चे फोटो आले. मी येईपर्यंत ते थांबले नाहीत. शाळेला दिलेली तारीख त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. स्वतःच भिंग घेऊन बसले आणि स्वतःच सगळे बरोबर आहेत असं ठरवलं.

परीक्षा संपता संपता शिपाईमामा सहज हसत बोलून गेले, “अण्णा, तुमच्या हातूनसुद्धा एक झोपलेली पोरगी सुटली बघा!” हे घरी आले, कॅमेरा कपाटात ठेवला, किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “गुडघे दुखतात म्हणून सांग सगळ्यांना.”

आता तुमचं खोटं. यांच्या नावाचं पत्र मी वाचून दाखवलं. ‘लाजाळू’ हा शब्द आल्यावर म्हणाले, “परत वाच.” परत वाचलं. मग म्हणाले, “आता दुसरं वाच.” मी म्हटलं, कुठलं दुसरं? तर म्हणतात, “दोन पाकिटं फाडल्याचं मी ऐकलं.” या माणसापासून काय लपवायचं, भावजी? वाचलं सगळं. चांदणीपाशी आल्यावर मलाच पुढे वाचवेना. दुपारभर पायरीवर बसून होते. जेवले नाहीत, पण मला म्हणाले, “तू जेव.”

आता ते स्वतः काहीतरी लिहीत बसलेत. मला जवळ येऊ देत नाहीत. तुम्हाला ते वाचता आलं नाही तर कळवा.

तुमची,
वहिनी


ता. १४ ऑक्टोबर

छोटू,

हे मी लिहितो आहे. ओळ सरळ नसेल.

तो फोटो मी पाहिला नाही. पाहिला असं सांगून दिला. तू त्याला नजरचूक म्हणालास. नजरचूक व्हायला नजर लागते. मला दिसत नाही हे मला माहीत होतं आणि तरी दिला.

शिपायानं सांगितलं तेव्हा शाळेला सुट्टी लागायला दोन दिवस होते. जाऊन मुलीला भेटता आलं असतं. मी पेटी आवरली. मला माझी लाज वाटली. तिचं वर्ष कसं गेलं असेल हे मनातही आलं नाही. तुझं पत्र ऐकलं तेव्हा आलं.

मी येतो. पण आधी तिला विचार, मी आलेलं चालेल का. सगळं खरं सांग आणि विचार. नको म्हणाली तर येणार नाही.

अण्णा


ता. १७ ऑक्टोबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता आलं. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण एकही शब्द सुटला नाही. तुमच्यासमोर उभा राहून वाचल्यासारखं वाटलं.

मुलीला विचारलं. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यांना दिसत नाही, तर इथे येऊन काय करणार?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

ती म्हणाली, “यायला सांगा. पण मधल्या सुट्टीत नको. तेव्हा आम्ही खेळतो.”

मंगळवारी, तिसऱ्या तासाला. मी बस थांब्यावर असेन.

आपला,
छोटू


ता. २३ ऑक्टोबर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

काल आलो, बोललो, परत आलो. सगळं कसं झालं ते तुझी वहिनी बसमध्ये सांगत होती, पण तिचं वर्णन प्रत्येकाच्या कपड्यांपासून सुरू होतं आणि आमचा थांबा आला तरी ती पहिल्या बाकापर्यंतच पोचली होती. (बरं. — व.) शिवाय ती माझ्या बाजूची आहे.

तू लिही. मला ऐकू आलं ते मला माहीत आहे. जे दिसलं नाही ते लिही. आणि फोटो कसा आला ते लिही. गोड करू नकोस. वाईट आला असेल तर तसं लिही.

अण्णा


ता. २८ ऑक्टोबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला दिसलं नाही ते लिहितो.

वहिनींच्या कोपराला धरून तुम्ही वर्गात आलात तेव्हा मुलं उठून उभी राहिली. शेवटच्या बाकावरच्या एकानं, तुम्हाला खरंच दिसत नाही का हे बघायला, हवेत हात हलवला. बाईंनी डोळे वटारले, त्यानं हात खाली घेतला. तुम्ही विचारलंत, “सत्तावीस नंबर कुठे बसतात?” लांबवेणीनं पटकन तिच्याकडे बोट दाखवलं. आपण कुणाला बोट दाखवतोय हे तिच्या लक्षात आलं तशी ती लाल झाली आणि तिनं ते बोट बाकाखाली लपवलं.

मग तुम्ही म्हणालात, “गेल्या वर्षी तुझा फोटो मी काढला. काढल्यावर तो बघायचा असतो, ते माझं काम. मला दिसत नव्हतं आणि ते मी लपवलं. डोळे सगळ्यांचेच मिटतात, त्यात तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. त्यावरून तुला नाव पडलं, तेही माझ्यामुळे.”

तुम्ही हे खिडकीच्या जरा डावीकडे बघून बोलत होता, ती उजवीकडे होती. पण कुणीही हसलं नाही. त्या नावाचा शोध ज्यानं लावला तो कोण, हे मला त्या वेळी न विचारता कळलं. एकच मुलगा आपल्या बुटाकडे बघत होता. एकतीस वर्षं शाळेनं ज्यांना “या, अण्णा” म्हणून खुर्ची दिली, तो माणूस बारा वर्षांच्या पोरीसमोर उभ्यानं आपली चूक सांगतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. वर्गबाईंनी तोंडावर पदर धरला होता. मुख्याध्यापिका बाई दारात येऊन उभ्या होत्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पुढचं तुम्ही ऐकलंत. ती म्हणाली, “आता तुम्हाला काहीच दिसत नाही?”

“उजेड दिसतो. कुणी उभं आहे एवढं कळतं.”

“मग सांगा, मी कोणता हात वर केलाय?”

तुम्ही विचार करून म्हणालात, “उजवा.”

“एकही नाही.”

वर्ग हसत सुटला. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात. त्या हसण्यात ती नव्हती, अण्णा. दोन्ही हात बाकावर ठेवून ती तुम्ही कसे हसता ते बघत होती. मग ती आपणहून उठली आणि कुणाला काही न बोलता चित्रकलेच्या खोलीकडे चालू लागली. आपण सगळे तिच्या मागे गेलो.

ती स्टुलावर बसली. पाटी हातात घेतली. मी गुडघ्यांवर बसलो, मनात प्रश्न तयार ठेवला होता. तो विचारायची वेळच आली नाही. तिनंच तुम्हाला विचारलं, “सगळ्यांसमोर सांगताना लाज वाटली का?”

तुम्ही म्हणालात, “वाटली. पाय लटपटत होते.”

ती म्हणाली, “माझे पण. फाटकापाशी.”

मग तिनं पाटी मांडीवर खाली घेतली. तेव्हा मी काढला. एकच काढला.

फोटो असा आहे. केस जरा विस्कटलेले. डावी कॉलर आत दुमडलेली, ती मी सरळ केली नाही. ओठ मिटलेले. हसू नाही आणि रागही नाही. चेहरा तिच्या वयापेक्षा थोडा मोठा वाटतो. डोळे पूर्ण उघडे आहेत, दोन्ही. पण ते कॅमेऱ्याकडे नाहीत.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “नजर समोर हवी.” मी म्हटलं, “हो.” त्यांनी तो फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. “दुसरा काढलाय?” मी म्हटलं, “नाही.” “काढणार आहात?” मी पुन्हा म्हटलं, “नाही.” त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. “मग हाच जाऊ दे.” ओळखपत्रावरही तोच लागला आहे. परवा फाटकाशी ती शिपाईमामांसमोर कार्ड धरून उभी होती. ते “जा, जा” म्हणत होते, तर ही हलेना. “नीट बघा आधी,” म्हणाली.

वहिनी, आता पुढचं जरा सावकाश वाचा.

अण्णा, ती तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही माझ्या डाव्या हाताला, छत्रीच्या दांडीला धरून उभे होता, तिकडे. चौकटीतली बाकीची सगळी मुलं समोर बघतात आणि ही एकटी बाजूला. आज सकाळी चौकट भिंतीवर लागली. येणारा-जाणारा विचारणारच, ही कुणाकडे बघते आहे म्हणून. काय सांगायचं ते शिपाईमामांना मी सांगून ठेवलं आहे.

आपला,
छोटू